तक्रार आणि तकरार

माझ्या कामाच्या रजिस्टरमध्ये माझ्याच अक्षरातली एक ओळ आहे. 'तक्रार करण्यास नकार. समुपदेशन केले.' पुढे तारीख, वस्तीचं नाव आणि बाईचं वय, बावीस. ती ओळ लिहिताना मला त्यात काही वावगं वाटलं नव्हतं. आज ते पान उघडलं की मान खाली जाते. ती ओळ खोटी आहे. मी मुद्दाम खोटं लिहिलं नव्हतं, पण म्हणून ती खरी ठरत नाही. ती खोटी कशी ठरली आणि मला ते कळायला आठ महिने का लागले, हे मैत्रिणींपुढे मांडावं असं बरेच दिवस मनात होतं.

चाकणच्या आजूबाजूच्या गावांत, खराबवाडी, नाणेकरवाडी, मेदनकरवाडी, कुरुळी, महाळुंगे या पट्ट्यात, शेतांच्या जागी आता चाळी उभ्या आहेत. दहा बाय दहाच्या खोल्या, समोर सामाईक नळ, टोकाला संडास. कारखान्यांत ठेकेदारामार्फत काम करणारी कुटुंबं इथं राहतात. अशाच एका चाळीत बिहारमधल्या सिवान जिल्ह्यातली एक मुलगी राहत होती. लग्न होऊन दोन वर्षं झालेली, एका कारखान्यात पॅकिंगला जाणारी. तिथला सुपरवायझर खोके उचलताना अंगाला हात लावायचा, रात्री फोन करायचा. हे मला तिनं नाही, तिच्या शेजारणीनं सांगितलं. मी तिच्या खोलीवर गेले. नवरा शिफ्टला होता. मी माझ्या पिंपरी-छाप हिंदीत तिला म्हटलं, "आप तक्रार करो, हम सब आपके साथ हैं."

ती म्हणाली, "ना दीदी, हमरा तकरार नइखे करे के."

मी तिला कायदा सांगितला. २०१३चा कायदा ठेकेदाराच्या कामगार बाईलाही लागू आहे, दहा किंवा जास्त माणसं असलेल्या ठिकाणी अंतर्गत समिती हवीच, नसेल तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जाता येतं, हे सगळं सांगितलं. तीनदा विचारलं. तिन्ही वेळा तेच उत्तर. समाजकार्याच्या शिक्षणात आम्हाला स्वयंनिर्णयाचं तत्त्व शिकवलेलं असतं : निर्णय तिचा, आपण लादायचा नाही. त्या तत्त्वाचा आधार घेऊन मी माझा नंबर ठेवला, घरी आले आणि रजिस्टरमध्ये ती ओळ लिहिली.

आठ महिन्यांनी मी त्याच चाळीत, बातमी देणाऱ्या त्या शेजारणीकडे बसले होते. ती गावाकडच्या एकत्र कुटुंबाची गोष्ट सांगत होती. म्हणाली, "गोतिनी से रोज के तकरार रहे, एही से हमनी अलगा हो गइनी." गोतिनी म्हणजे जाऊ, एवढं मला तोवर येत होतं. मी थांबवून विचारलं, तकरार म्हणजे काय? "अरे, झगरा!" मग साहेबाविरुद्ध वरच्या साहेबाला जाऊन सांगायचं, त्याला काय म्हणतात? "ओकरा के त शिकायत कहल जाला."

मैत्रिणींनो, शब्द एकच. आपल्याकडे त्याचा अर्थ दाद मागणं, तिच्याकडे भांडण. म्हणजे एक मराठी ताई संध्याकाळी खोलीवर आली आणि ठेकेदाराच्या रोजंदारीवरच्या त्या पोरीला म्हणाली, जा, सुपरवायझरशी भांड. तिनं नको म्हटलं. कोणीही शहाणी बाई नकोच म्हणेल! शिकायत करायची का, हे तिला मी विचारलंच नव्हतं. विचारलं असतं तर कदाचित तिनं तेव्हाही नाही म्हटलं असतं, पण तो तिचा नकार असता. रजिस्टरमध्ये तिच्या नावावर जो नकार आहे, तो माझ्या अज्ञानाचा आहे. कायद्यानं घटनेपासून तीन महिन्यांत अर्ज द्यायचा असतो. समिती कारणं नोंदवून आणखी तीन महिने वाढवू शकते. दोन्ही मुदती उलटून गेल्या होत्या. मुलगी छठला गावी गेली होती, ती परत आली नाही.

परदेशी जाताना भाषा, चाकणला जाताना नाही

अमेरिकेत १९६१ साली पीस कोअर नावाची सरकारी स्वयंसेवक योजना सुरू झाली. त्यातली तरुण मुलंमुली दुसऱ्या देशात कामाला जातात, आणि काम सुरू होण्याआधी काही आठवडे त्यांना तिथली भाषा शिकवली जाते. दक्षिण आफ्रिकेत जाणाऱ्यांतले काही झुलू शिकतात, तिथल्या कुटुंबांत राहतात, चुका करतात, हसून घेतात, मैत्र्या करतात. त्या योजनेच्या राजकारणाबद्दल बोलण्यासारखं पुष्कळ आहे. पण परक्या मुलखात काम करायचं तर भाषा शिकावी लागते, हे तिथं कुणाला पटवावं लागत नाही.

आपण मात्र भोसरीहून नाशिक रस्त्यानं पीएमपीच्या एका बसनं चाकणला उतरतो आणि समजतो, हिंदी येते ना, भागतं. हिंदी येते म्हणजे काय येतं? सिनेमाची हिंदी, रिक्षावाल्याशी बोलायची हिंदी. आणि समोरची बाई तरी कुठली हिंदी बोलते? २०११च्या जनगणनेत भोजपुरी ही मातृभाषा सांगणारे पाच कोटींहून जास्त लोक आहेत, पण सरकार त्यांची गणती 'हिंदी'च्या रकान्यात करतं. आपणही तेच करतो. तिच्यासाठी शुद्ध हिंदी ही शाळेची, कचेरीची, साहेबाची भाषा. शाळा चौथीत सुटलेल्या बाईला ती समजते, पण त्या भाषेत तिला रडता येत नाही.

झुलूवरून आणखी एक गोष्ट सांगते. दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत एक भाषा वापरली जायची, फानागालो. शब्द बरेचसे झुलूचे, काही इंग्रजीचे, काही डच वळणाच्या आफ्रिकान्सचे, आणि व्याकरण जवळपास नाहीच. वेगवेगळ्या मुलखांतून आलेल्या मजुरांना ती कामापुरती शिकवायचे. तिच्यात भर कशावर, तर आज्ञार्थावर. आण, उचल, खणून काढ, थांब. त्या भाषेत गोऱ्या मुकादमाला हुकूम सोडता येत होता, मजुराला मन मोकळं करता येत नव्हतं. चाकणच्या कारखान्यांतली हिंदी मी नीट ऐकली तेव्हा मला हे आठवलं. जल्दी करो, उधर रखो, छुट्टी नहीं मिलेगी. आणि मग मी माझी हिंदी ऐकली. आधार कार्ड लाओ, यहाँ साइन करो, तक्रार करो, डरो मत. माझीही क्रियापदं आज्ञार्थीच होती. हेतू चांगला होता एवढाच फरक.

कानाला ओळखीचे, अर्थाला परके

त्या शेजारणीला मी भउजी म्हणते. वहिनी. चाळीतल्या सगळ्या तिला तेच म्हणतात. वय चाळिशीच्या आसपास, एका कँटीनमध्ये भाज्या चिरायला जाते, नवरा वेल्डर, तीन मुलं, चाकणला बारा वर्षं झाली. आमची ओळख २०२०च्या टाळेबंदीत झाली. मी रेशनचे संच वाटत होते आणि ती रांगेत होती. पुढची दोन वर्षं ती माझ्या यादीतलं एक नाव होती. मैत्री झाली ती एका संध्याकाळी धो धो पावसात मी तिच्या खोलीत अडकले म्हणून. लिट्टी-चोखा झाला, लाइट गेली, आणि करायला दुसरं काही नव्हतं म्हणून आम्ही बोलत बसलो. त्या दिवशी माझ्याकडे कुठलाही फॉर्म नव्हता. मग मी दर आठवड्याला तासभर जायला लागले आणि तिला म्हटलं, मला तुमची भाषा शिकवा.

ती आधी खूप हसली. "ई कवनो सीखे के चीज ह?" ही काय शिकायची गोष्ट आहे? तिच्या भाषेसाठी कुणी तिच्याकडे शिकायला येईल हे तिच्या कल्पनेतच नव्हतं. मग तिनं ते मनावर घेतलं. माझ्या चुकांवर चाळभर हशा पिकायचा. 'कइसन बाड़ू' हे बाईला विचारायचं, पुरुषाला 'कइसन बाड़ऽ', मोठ्या माणसाला 'रउआ कइसन बानी'. मी तिच्या सासऱ्यांना फोनवर 'बाड़ू' म्हटलं तेव्हा पोरं जमिनीवर लोळली.

हसता हसता गंभीर गोष्टीही कळत गेल्या. आमच्या गटानं वस्तीत एक भित्तिपत्रक लावलं होतं : 'लैंगिक छळ करणाऱ्यास कठोर शिक्षा'. आम्हाला वाटलं, लिपी देवनागरीच आहे, वाचतील. भउजीच्या मुलीनं ते वाचलं आणि तिची आई मला विचारते, "बदमासी करे वाला के पढ़ावल जाई का?" त्याला शिकवणार का? तिच्याकडे शिक्षा म्हणजे शिक्षण. आम्ही चिकटवलेल्या कागदावर, तिच्या लेखी, छळ करणाऱ्याला कडक शिक्षणाचं आश्वासन होतं!

मग 'बाई'. आपल्या शाळेत बाई म्हणजे शिक्षिका, ताराबाई-सावित्रीबाई म्हणजे आदर. तिच्या मुलखात बाईजी म्हणजे नाचगाणं करणारी. चाकणला नवीन आली तेव्हा बाजारात भाजीवाला 'ओ बाई' म्हणाला की तिला वाटे, हा उघड उघड अपमान करतोय. आणि 'बिगड़ल'. एका बाईनं मला सांगितलं होतं, "मालिक हमरा पर बिगड़ गइले," आणि मी तिच्या तोंडात घातलं होतं की मालकाची नजर वाईट आहे. खरं तर तो ओरडला होता, पाळण्यातल्या पोराला पाजायला ती काम सोडून गेली म्हणून. तिचा प्रश्न पाळणाघराचा होता. मी तो छेडछाडीचा करून टाकला आणि वर तिला 'घाबरू नका' सांगून आले.

म्हणजे चूक दोन्ही बाजूंनी होते. असलेला छळ निसटतो आणि नसलेला लिहिला जातो. शब्द अगदी परके असते तर आपण थांबून विचारलं असतं. हे शब्द ओळखीचे वाटतात, म्हणून आपण विचारत नाही.

मरले आणि मरलस

भाषेनं मला आणखी एक गोष्ट दाखवली, ती शब्दकोशात सापडली नसती. भोजपुरीत माणसाचा मान क्रियापदातच असतो. 'ऊ मरले' म्हणजे 'त्यांनी मारलं', 'ऊ मरलस' म्हणजे 'त्यानं मारलं'. मार खाल्लेली बाई सांगते तेव्हा बहुतेक वेळा 'मरले' म्हणते. तोंड सुजलेलं आणि क्रियापदात आदर. हे आपल्याला नवीन नाही. 'आमच्या यांनी हात उचलला' असं सांगणाऱ्या किती मराठी बायका आपण ऐकल्या आहेत! पण मराठीत तो आदर आपल्याला ऐकू येतो, भोजपुरीत येत नव्हता. चाळीतल्या एका बाईचं बोलणं मी दीड वर्ष ऐकत होते. एका सकाळी ती सांगताना 'मरलस' म्हणाली. भउजीनं आणि मी एकमेकींकडे पाहिलं. त्या दिवशी ती आमच्याबरोबर संरक्षण अधिकाऱ्याकडे आली. तिचं मन बदलल्याची खूण त्या एका प्रत्ययात होती. मी हिंदीतच ऐकत राहिले असते तर ती सकाळ इतर सकाळींसारखीच गेली असती.

तिचा जबाब लिहितानाही हाच प्रश्न आला. नवरा आणि सासू तिला 'बाँझिन' म्हणायचे. वांझ. लिहून घेणाऱ्यांनी लिहिलं, 'शिवीगाळ केली.' २००५च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात शाब्दिक आणि भावनिक छळाची व्याख्या आहे, आणि मूल किंवा मुलगा नाही म्हणून केलेला अपमान तिच्यात स्पष्टपणे लिहिलेला आहे. 'शिवीगाळ' या मोघम मराठी शब्दात कायद्यानं नाव घेऊन दिलेलं तिचं संरक्षण विरघळून गेलं असतं. आम्ही आग्रह धरून 'बाँझिन' हा शब्द जसाच्या तसा लिहायला लावला आणि शेजारी त्याचा मराठी अर्थ.

दुभाषी कोण?

भाषा येत नसेल तर दुभाषी घ्या, असं कुणी म्हणेल. पण दुभाषी कोण असतो, ते पाहू. बाई दवाखान्यात जाते तेव्हा नवरा. कारखान्यात ठेकेदाराचा माणूस. चौकीत आधी आलेला, मराठी शिकलेला दीर नाहीतर गाववाला. म्हणजे ज्याच्याविरुद्ध बोलायचं तोच, किंवा त्याचा भाऊबंद. एका पोलीस चौकीत मी स्वतः पाहिलं. बाई तीन मिनिटं बोलली आणि दिरानं भाषांतर केलं, "ती म्हणते, आपसात मिटवू." तेव्हा मला जेमतेम इतकं कळलं की तिनं 'मिटवू' म्हटलं नव्हतं. २०२४पासून लागू असलेल्या नागरिक सुरक्षा संहितेतही जुन्या कायद्याप्रमाणेच तोंडी दिलेली माहिती लिहून घेऊन ती देणाऱ्याला वाचून दाखवायची आहे. वाचून दाखवतातही, मराठीत. बाई मान हलवते, आणि कागद पुरा होतो.

गांधीजींनी आत्मकथेत बालसुंदरमची हकीकत सांगितली आहे. १८९४च्या सुमाराला दरबानमध्ये दात पडलेला, रक्ताळलेला हा तमिळ वेठमजूर त्यांच्या कचेरीत आला. त्याचं म्हणणं गांधीजींना कळलं ते त्यांच्या तमिळ कारकुनामुळे. तो कारकून मालकाचा माणूस नव्हता म्हणून बालसुंदरमला दाद मिळाली. गांधीजी पुढे स्वतः तमिळ शिकू लागले. वकिलालासुद्धा कळलं होतं की विश्वासाचा दुभाषी हवा, आणि तेवढ्यावर थांबून चालत नाही.

माझी आई काय म्हणायची

एक दिवस भउजीनं विचारलं, "तोहार माई कहाँ के हई?" तोवर मी तिला शंभर प्रश्न विचारले होते. तिनं मला विचारलेला हा पहिला. समाजकार्याच्या वर्गात भावनिक गुंतवणूक नियंत्रित ठेवायला शिकवतात आणि ते शहाणपणाचंही आहे. पण एकीनंच विचारायचं आणि दुसरीनंच सांगायचं, याला मैत्री म्हणत नाहीत.

मी सांगितलं. माझे आईवडील लातूरकडचे. वडील भोसरीला हेल्पर म्हणून आले, मग आई आली. आई 'काय करलालाव' म्हणायची. चाळीतल्या बायका तिची नक्कल करायच्या. मी पाचवीत असताना तिला म्हटलं होतं, पालकसभेला आलीस तर बोलू नकोस. ती आली आणि बोलली नाही. पुढे ती पिंपरीची मराठी शिकली, आणि तिच्या जुन्या बोलीतली कितीतरी गाणी, ओव्या, शिव्या, औषधं माझ्यापर्यंत आलीच नाहीत. हे मी आजवर कुठल्या शिबिरातही सांगितलं नव्हतं. भउजी म्हणाली, तिची मुलगीही आता शाळेच्या फाटकाशी तिला गप्प राहायला सांगते. मग आम्ही दोघी गप्प बसलो.

हे शहर कुणाचं, हा प्रश्न निघतो तेव्हा मला ती संध्याकाळ आठवते. फाळणीनंतर पिंपरीच्या कँपात सिंधी निर्वासित आले. १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स आली, मग मोटारींचे कारखाने, मग मराठवाडा, खानदेश, सोलापुरातून माणसं. २०११ साली पिंपरी-चिंचवडची लोकसंख्या सतरा लाखांच्या वर गेली होती. इथल्या बहुतेक घरांत एखादी आई अशी आहे, जिला कुणीतरी कधीतरी गप्प राहायला सांगितलं आहे.

आक्षेप आणि उत्तरं

मैत्रिणी विचारतात, त्या महाराष्ट्रात आल्या आहेत, त्यांनी मराठी शिकायला नको का? हवी, आणि त्यांना शिकायचीही आहे. भउजी माझ्याकडून मराठी शिकते. मला वाटलं होतं, 'तुमचं नाव काय' इथून सुरुवात होईल. तिनं पहिल्या दिवशी मागितली ती वाक्यं अशी : 'भाडं कशाचं वाढवलं?', 'मला लिहून द्या', 'मला एक कॉपी द्या'. आणि नळावर बायका आपल्याबद्दल काय बोलतात त्याचा अर्थ. तो सांगताना माझीच जीभ अडखळली. तिला तो आधीच कळला होता, फक्त माझ्या तोंडून ऐकायचा होता. मराठी तिच्या हक्काची शिदोरी आहे. पण आज रात्री मार खाणाऱ्या बाईला, आधी मराठीची परीक्षा पास हो, असं सांगता येत नाही. तोवर शिकण्याचं ओझं उचलायचं कुणी? जिच्याकडे पगार, वेळ आणि पदवी आहे तिनं.

याने मराठी कमी होते असंही मला वाटत नाही. आपल्या पंडिता रमाबाई १८९७च्या दुष्काळात मध्य प्रांतात गेल्या आणि शेकडो मुली-बायकांना पुणे जिल्ह्यात घेऊन आल्या. त्या बायकांची भाषा हिंदी होती, आणि रमाबाईंना देशभरच्या भटकंतीत अनेक भाषा अवगत झाल्या होत्या. अमेरिकेतून आलेल्या गेल ऑम्व्हेट मराठी शिकल्या, सांगली जिल्ह्यातल्या कासेगावला राहिल्या, इथल्या कष्टकरी बायकांच्या चळवळीवर लिहीत राहिल्या आणि गेलताई झाल्या. त्यांचं आपल्याला कौतुक वाटतं, वाटायलाच हवं. आणि मॉरिशसच्या उसाच्या मळ्यांत गेलेले कोकणातले मराठी मजूर शेजारच्या मजुरांची भोजपुरी शिकलेच ना! मराठी माणसानं भोजपुरी शिकावी यात नवीन काहीच नाही.

दुसरा आक्षेप : भाषा किती शिकणार? ओडिया, असमिया, नेपाळी, कन्नड, तेलुगू? सगळ्या एकीनं नाही. एका कार्यकर्तीनं एक. चार संघटनांनी मिळून आठ भाषा होतात, गरज पडली की एकमेकींना फोन करता येतो. तिसरा आक्षेप खरा अवघड आहे. प्रकल्पाच्या अहवालात 'किती बायकांपर्यंत पोचलो' याला रकाना असतो, 'किती समजून घेतलं' याला नसतो. भउजीकडचे माझे तास कुठल्याच रकान्यात बसले नाहीत. ते मी सुट्टीच्या दिवशी दिले. ज्या कार्यकर्तीच्या घरी लहान मूल आहे, तिला ते जमणार नाही. म्हणून ही गोष्ट एकेकीच्या हौसेवर सोडून चालणार नाही.

माझ्या सूचना साध्या आहेत. भाषा शिकणं हा कामाचा भाग धरा आणि त्याला आठवड्याचे दोन तास पगारी द्या. जी बाई शिकवते तिलाही मानधन द्या, कारण ती आपल्यावर उपकार करत नाही, काम करते. वस्तीतल्या दोन भाषा येणाऱ्या बायकांना तयार करून दुभाषी म्हणून नेमा. नवरा, दीर, ठेकेदार, घरमालक यांना ते काम कधीही देऊ नका. जबाबात बाईचे शब्द तिच्या भाषेत देवनागरीत लिहा आणि अर्थ शेजारी द्या. लैंगिक छळाच्या कायद्यात तर बाईला लिहिता येत नसेल तर अर्ज लिहायला समितीनं मदत करायची तरतूदच आहे. ती मदत कुठल्या भाषेत होते, हे प्रत्येक समितीला विचारा. भित्तिपत्रक छापण्याआधी वस्तीतल्या दोघींना मोठ्यानं वाचायला सांगा आणि काय कळलं ते ऐका. आम्ही आमचं बदललं. आता त्यावर 'शिकायत' आणि 'सजा' हे शब्द आहेत. ते भउजीच्या मुलीनं तपासलेत.

मला भोजपुरी अजून फार येत नाही. भांडण सुरू झालं की माझी पळापळ होते, गाणी निम्मी कळतात. पण आता बाई बोलत असताना मी मधेच थांबवून विचारते, या शब्दाचा अर्थ तुमच्याकडे काय? हे विचारायला मला लाज वाटत नाही. बहुतेक वेळा त्या प्रश्नानंतरच खरं बोलणं सुरू होतं.

रजिस्टरमधली ती जुनी ओळ मी खोडलेली नाही. तिच्याखाली आजची तारीख घालून लिहिलं आहे : 'तिला कळेल अशा भाषेत विचारलं नव्हतं.' भउजीनं गावाकडून त्या मुलीचा नंबर मिळवला आहे. मुदत संपली आहे, हे मी तिला सांगणार आहे. आणि जे आधी विचारायचं राहिलं, तेही विचारणार आहे. तोवर तुम्हीही आपापली रजिस्टरं काढा आणि 'नकार' लिहिलेल्या ओळी पुन्हा एकदा वाचून पाहा.